स्विचची कमांड लाइन: कन्सोल केबलपासून ट्रंकपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, विजापूर रोडवरचं कॉलेज असो की शहरातला एखादा मोठा दवाखाना, रॅकमध्ये मॅनेज्ड स्विच (अनेक यंत्रं नेटवर्कने जोडणारं, कमांडने सेट करता येणारं उपकरण) बसलेला असतो. पण पुष्कळदा तो खोक्यातून काढून नुसता लावलेला असतो. त्याला ना नाव, ना पासवर्ड, आणि सगळे पोर्ट एकाच नेटवर्कात. मग शेडमधल्या एका कॅमेऱ्याने गोंधळ घातला की ऑफिसचं बिलिंगही अडतं. अशा स्विचसमोर पहिल्यांदाच लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

उदाहरणं सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६०-एक्स स्विचची घेतली आहेत, कारण त्याची कमांडची पद्धत बऱ्याच कंपन्यांनी थोड्याफार फरकाने उचलली आहे. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायच्या.

कमांड पाठ करत बसू नका, त्या हाताला आपोआप बसतात. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या: कमांड मारण्याआधी प्रॉम्प्ट वाचायचा, आणि हा बदल फसला तर परत कसं यायचं ते आधी ठरवायचं.

केबल आणि पहिला स्क्रीन

नवीन स्विचला आयपी नसतो, म्हणून सुरुवात कन्सोल पोर्टवरून होते. हा पोर्ट दिसायला लॅनच्या आरजे-४५ पोर्टसारखाच असतो, बऱ्याच मॉडेलवर मागच्या बाजूला असतो आणि त्यावर फिकट निळी खूण असते. त्यात साधी पॅचकॉर्ड घालून काही होत नाही. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला आरजे-४५ असलेली कन्सोल केबल घ्या. जुनी चपटी निळी केबल आणि नऊ पिनांचा यूएसबी कन्व्हर्टर असेल तर तीही चालते.

केबल लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली कॉम ३, कॉम ५ असा नंबर दिसायला हवा. पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे. स्वस्तातल्या काही केबलमध्ये प्रोलिफिकची नकली चिप असते आणि नवा ड्रायव्हर ती नाकारतो. तिथे तासभर घालवण्यापेक्षा एफटीडीआय चिपची केबल घेतलेली बरी.

पुटी (स्विचशी बोलायचं सॉफ्टवेअर) उघडा, ‘सिरीयल’ निवडा, कॉम नंबर टाका आणि सेटिंग अशी ठेवा: स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल ‘नन’. शेवटचं बहुतेकांकडून राहून जातं, कारण पुटीमध्ये मुळात तिथे एक्सऑन/एक्सऑफ असतं. ते आरटीएस/सीटीएसवर गेलं असेल तर अक्षरं दिसतात पण आपण टाइप केलेलं स्विचकडे पोचतच नाही. स्क्रीनवर चौकोन नि प्रश्नचिन्हांचा कचरा आला तर स्पीड जुळत नाही. काही कंपन्यांचे स्विच १,१५,२०० वर बोलतात, ते लावून बघा. काहीच दिसत नसेल तर एंटर दोनदा दाबा, कारण स्विच गप्प बसलेला असतो.

कोऱ्या स्विचला वीज दिली की सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. मग तो विचारतो की सुरुवातीच्या सेटिंगचा संवाद सुरू करायचा का. ‘नो’ लिहा. सगळं हाताने केलेलंच समजतं आणि लक्षात राहतं.

प्रॉम्प्ट म्हणजे पत्ता

आपण कुठे उभे आहोत ते ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं.

स्विच>
इथे फक्त बघता येतं, तेही थोडंच. ‘एनेबल’ मारलं की पुढे जातो.

स्विच#
इथे सगळं बघता येतं, सेव्ह करता येतं, रीस्टार्टही करता येतं. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ मारलं की बदल करण्याच्या जागी येतो.

स्विच(कॉन्फिग)#
इथला बदल पूर्ण स्विचला लागू होतो.

स्विच(कॉन्फिग-इफ)#
इथला बदल फक्त निवडलेल्या पोर्टला लागू होतो. आणि धोका इथेच आहे: कुठला पोर्ट, हे प्रॉम्प्ट सांगत नाही. ५ नंबरवर काम करताना फोन आला, परत येऊन ‘शटडाउन’ मारलं, आणि मधल्या वेळात आपण २५ नंबरच्या अपलिंकवर (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) गेलो होतो हे विसरलो, तर सगळी शेड अंधारात. म्हणून अशा कमांडआधी ‘इंटरफेस जीआय १/०/५’ (म्हणजे ५ नंबरचा पोर्ट) ही ओळ पुन्हा मारा. दोन सेकंद जातात, नुकसान काही नाही.

‘एक्झिट’ एक पायरी मागे नेतं, ‘एंड’ किंवा कंट्रोल-झेड थेट # वर आणतं. दिलेली कमांड रद्द करायची तर तिच्यापुढे ‘नो’ लावायचा. शटडाउनच्या उलट ‘नो शटडाउन’.

अडलं की प्रश्नचिन्ह

‘शो ?’ लिहिलं की पुढे काय काय चालतं त्याची यादी येते. ‘शो इंट’ला चिकटून, मध्ये जागा न सोडता, प्रश्नचिन्ह दिलं तर ‘इंट’ने सुरू होणारे शब्द येतात. टॅब दाबला की अर्धा शब्द पुरा होतो. वरचा बाण मागची कमांड आणतो. लांब यादी ‘मोर’वर थांबली तर स्पेसने पुढचं पान, एंटरने पुढची ओळ, आणि क्यू दाबलं की बाहेर.

चुकीचे संदेश वाचायला शिका. ‘इनव्हॅलिड इनपुट’च्या वर एक टोपीसारखं ^ चिन्ह येतं. स्विचला जिथपर्यंत कळलं त्याच्या पुढच्या जागेवर ते बोट ठेवतं, म्हणजे चूक तिथे शोधायची. स्पेलिंग बरोबर असूनही ते आलं तर नव्वद टक्के वेळा आपण चुकीच्या प्रॉम्प्टवर असतो. # वर ‘होस्टनेम’ चालत नाही, आणि कॉन्फिगमध्ये ‘शो’ चालवायचं तर आधी ‘डू’ लावावं लागतं: ‘डू शो व्हीलॅन ब्रीफ’ (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क). ‘अँबिग्युअस’ म्हणजे तुम्ही शब्द फारच तोडलात, दोन कमांड त्यात बसतात. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अजून काहीतरी लिहायचं बाकी आहे.

एक गंमत नव्या माणसाला घाबरवते. # वर एकच शब्द चुकीचा टाकला की ‘ट्रान्सलेटिंग’ लिहून स्विच अर्धा-एक मिनिट अडकल्यासारखा होतो. तो त्या शब्दाला एखाद्या यंत्राचं नाव समजून शोधत असतो. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबून सुटका होते. कायमचा उपाय खाली आहे.

आणि पुटीमध्ये माउसचं उजवं बटण म्हणजे पेस्ट. क्लिपबोर्डवर जे असेल ते ओळीओळीने स्विचमध्ये जातं आणि लगेच लागू होतं. कॉपी केलेली मोठी फाइल कन्सोलवर एकदम टाकली तर ९६०० च्या वेगात मधली अक्षरं गळूही शकतात. दहा-पंधरा ओळींच्या तुकड्यांत टाका.

हात लावण्याआधी बघून घ्या

चालू स्विचवर आलात तर पहिली काही मिनिटं फक्त ‘शो’ची. पुटीच्या लॉगिंगमध्ये ‘ऑल सेशन आउटपुट’ निवडून फाइलचं नाव द्या, ‘टर्मिनल लेंग्थ ०’ मारा म्हणजे यादी मध्ये थांबणार नाही, आणि एकामागून एक मारत जा:

शो व्हर्जन
शो रनिंग-कॉन्फिग
शो इंटरफेसेस स्टेटस
शो व्हीलॅन ब्रीफ
शो इंटरफेसेस ट्रंक
शो सीडीपी नेबर्स
शो एन्व्ह ऑल

ही फाइल म्हणजे तुमचा परतीचा रस्ता. शेवटची कमांड तापमान आणि पंख्यांची स्थिती दाखवते, ती सोलापुरात विसरून चालत नाही. उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, आणि या मालिकेची चालण्याची मर्यादा ४५ अंश आहे. पत्र्याच्या शेडमध्ये बंद रॅकच्या आत ती सहज ओलांडली जाते. त्यात मागाच्या खात्यातला सुताचा तंतू पंख्याच्या जाळीवर साचतो, वारा अडतो, आणि दुपारी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो. कॉन्फिगमध्ये चूक शोधण्याआधी जाळी साफ करा.

पहिली बैठक

कॉन्फिगमध्ये येऊन:

होस्टनेम ऑफिस-स्विच-१
नो आयपी डोमेन-लुकअप
एनेबल सीक्रेट (तुमचा पासवर्ड)
युजरनेम नेटअ‍ॅडमिन प्रिव्हिलेज १५ सीक्रेट (दुसरा पासवर्ड)
क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०

दुसऱ्या ओळीने ‘ट्रान्सलेटिंग’चा त्रास संपतो. ‘एनेबल पासवर्ड’ वापरू नका, ‘सीक्रेट’च वापरा. पहिला कॉन्फिगमध्ये उघडा दिसतो, आणि ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ने झाकला तरी ते झाकण क्षणात निघतं. घड्याळाची ओळ किरकोळ वाटेल, पण ‘रात्री नेट गेलं होतं’ अशी तक्रार आली की लॉगमधली वेळ हाच एक साक्षीदार असतो. ‘एनटीपी सर्व्हर’ (नेटवर्कवरून वेळ सांगणारं यंत्र) देऊन घड्याळ जुळवून ठेवा, आणि ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम लोकलटाइम’ ही ओळही द्या.

‘लाइन कन्सोल ०’ मध्ये जाऊन ‘लॉगिंग सिंक्रोनस’ मारा, म्हणजे आपण टाइप करताना मध्येच आलेला संदेश ओळ तोडणार नाही.

लांबून यायचं तर आयपी हवा. तो व्हीलॅनच्या इंटरफेसला मिळतो, पोर्टला नाही:

व्हीलॅन ९९
नेम मॅनेजमेंट
इंटरफेस व्हीलॅन ९९
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.९९.२ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एक्झिट
आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.९९.१

पिंग होत नसेल तर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ बघा. व्हीलॅन ९९ ‘डाउन’ असेल तर दोनच कारणं बहुधा सापडतात: ‘व्हीलॅन ९९’ मुळात बनवलाच नाही, किंवा तो असलेला एकही पोर्ट वा ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) चालू नाही.

लांबून आत येण्यासाठी टेलनेट (त्यात पासवर्डही उघडा जातो) बंद ठेवा, एसएसएच (झाकून जाणारं कनेक्शन) घ्या. ‘आयपी डोमेन-नेम’ देऊन मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’, लांबी २०४८. होस्टनेम नि डोमेन दोन्ही आधी दिलेलं नसेल तर ही कमांड नकार देते. मग ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’, ‘लाइन व्हीटीवाय ० १५’, त्यात ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. बरेच जण ‘० ४’ एवढंच करतात आणि ५ ते १५ या ओळी तशाच राहतात. कन्सोल काढण्याआधी दुसऱ्या खिडकीतून एसएसएचने खरंच आत येता येतं का ते बघा.

व्हीलॅन आणि पोर्ट

समजा ऑफिसचे संगणक व्हीलॅन १० मध्ये आणि कॅमेरे व्हीलॅन ३० मध्ये ठेवायचे आहेत. आधी दोन्ही व्हीलॅन बनवून नावं द्या. नाव दिल्याने सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाचे उपकार होतात. मग पोर्ट:

इंटरफेस रेंज जीआय १/०/१ - १२
स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

पोर्टफास्टमुळे संगणक चालू होताच लिंक कामाला लागते. नाहीतर पोर्ट सुमारे ३० सेकंद थांबतो आणि तेवढ्यात आयपी मिळाला नाही अशी तक्रार येते. बीपीडीयूगार्ड त्याचा जोडीदार आहे: एकाच वायरची दोन्ही टोकं कुणी भिंतीतल्या दोन पोर्टांत घातली, किंवा टेबलाखाली दुसरा मॅनेज्ड स्विच लावला, तर हा पोर्ट स्वतःला बंद करतो. पोर्टफास्ट एकटा कधी देऊ नका.

‘शो इंटरफेसेस स्टेटस’मध्ये ‘एरर-डिसेबल्ड’ दिसलं तर आधी कारण काढा, मग ‘शटडाउन’ आणि ‘नो शटडाउन’. कारण न काढता चालू केलं तर तो परत पडणार.

ट्रंक: इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात

ऑफिसचा स्विच आणि शेडचा स्विच यांच्यामध्ये एकच फायबर आहे आणि त्यावरून सगळे व्हीलॅन न्यायचे आहेत. (तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच, आणि दोन इमारतींमध्ये वळवाच्या विजांचा विचार करून फायबरच टाकावी.) फायबरच्या पोर्टवर:

इंटरफेस जीआय १/०/२५
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,९९

हे चालू झालं. आठवड्याने कॅमेरे आले, आता व्हीलॅन ३० ही न्यायचा. तुम्ही ऑफिसात बसून एसएसएचने शेडच्या स्विचवर गेलात, याच पोर्टवर आलात आणि सहज लिहिलंत:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

एंटर. कुठलीही चूक दाखवली नाही, आणि पुढचं अक्षर उमटेना. पुटीची खिडकी गोठली. कारण या कमांडने यादीत ३० ची भर घातली नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिली. ९९ गेला, त्यासोबत तुमचा एसएसएच गेला. १० गेला, त्यासोबत शेडच्या टोकाला बसलेल्या सगळ्या संगणकांचं नेट गेलं. लिहायला हवं होतं ते असं:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०

एका ‘अ‍ॅड’ शब्दाचा फरक. काढायचा असेल तेव्हा ‘रिमूव्ह ३०’. आणि ३० आधी दोन्ही स्विचवर बनवलेला असला पाहिजे; ट्रंक व्हीलॅन वाहून नेतो, तयार करत नाही.

म्हणून लांबून ट्रंक, मॅनेजमेंट आयपी किंवा अपलिंकला हात लावण्याआधी परतीचा दोर बांधा. आधी चालू, तपासलेलं कॉन्फिग ‘राइट मेमरी’ने सेव्ह करा. मग ‘रीलोड इन १०’. आता दहा मिनिटांत स्विच आपोआप रीस्टार्ट होईल आणि शेवटचं सेव्ह केलेलं कॉन्फिग घेऊन उठेल. बदल करा. आपण बाहेर फेकले गेलो तर थांबायचं, स्विच स्वतःच जुन्या जागी येतो. बदल नीट बसला तर ‘रीलोड कॅन्सल’ मारा, आणि त्यानंतरच सेव्ह करा. घाईत आधीच सेव्ह केलंत तर दोर कापलात. रीस्टार्टमध्ये त्या स्विचवरचं सगळं काही मिनिटं बंद पडतं, तेव्हा पाळी चालू असताना हे करू नका.

ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून क्रमांकाची खूण न लावता जाणारा) वेगळा असेल तर ‘नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच’ हा संदेश दर मिनिटाला येत राहतो. तो त्रासदायक वाटला तरी खरं सांगत असतो. दोन्ही टोकं सारखी करा.

सेव्ह

स्विचमध्ये दोन कॉन्फिग असतात. रनिंग हे मेमरीत, आत्ता चालू असलेलं. स्टार्टअप हे साठवलेलं, वीज आल्यावर वाचलं जाणारं. आपण मारलेली प्रत्येक कमांड लगेच रनिंगमध्ये लागू होते पण सेव्ह होत नाही. वीज गेली की ती पुसली जाते. त्यामुळे चार महिन्यांपूर्वीचं न सेव्ह केलेलं काम एखाद्या पावसाळी रात्री यूपीएस संपल्यावर उघडकीस येतं, आणि तोवर काय केलं होतं ते कुणालाच आठवत नाही. काम तपासून झालं की ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ किंवा थोडक्यात ‘राइट मेमरी’.

जुना स्विच वापरात आणताना

‘राइट इरेज’ने कॉन्फिग जातं, पण व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलमध्ये राहते. ती ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’ने काढायची, मग ‘रीलोड’. सेव्ह करू का विचारलं तर ‘नो’. हे टाळू नका. जुन्या स्विचचं व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप पसरवणारी सोय) डोमेन आपल्यासारखंच असेल आणि त्याचा आवृत्तीक्रमांक मोठा असेल, तर तो जोडताक्षणी आपल्या सगळ्या स्विचवरची व्हीलॅनची यादी बदलून टाकू शकतो. साध्या नेटवर्कात सरळ ‘व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट’ ठेवा.

तक्रार आली की

‘एक संगणक नेटवर येत नाही’: त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) घ्या, चार-चार अक्षरांच्या तीन गटांत टिंबं देऊन लिहा आणि ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल अ‍ॅड्रेस’ मारा. उत्तरात पोर्ट येतो. तो पोर्ट ट्रंक असेल तर यंत्र पुढच्या स्विचवर आहे, तिथे जाऊन हेच मारा.

‘नेट चालतं पण रखडतं’: ‘शो इंटरफेसेस जीआय १/०/५’ मध्ये सीआरसीचा (खराब होऊन आलेल्या डेटाचा) आकडा बघा, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. तो वाढत असेल तर केबल किंवा पंचिंग खराब. लेट कोलिजन (डेटाच्या उशिरा झालेल्या टकरी) वाढत असतील तर एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला हाताने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं नि घेणं), अशी विसंगती असते. दोन्ही टोकं ऑटोवर आणा.

‘कॅमेरा अडकला’: पीओई (लॅनच्या वायरीतूनच वीज देणारा) पोर्ट असेल तर शिडी लावायची गरज नाही. पोर्टवर ‘पॉवर इनलाइन नेव्हर’, दहा सेकंद थांबून ‘पॉवर इनलाइन ऑटो’. पोर्टच नव्याने वीज देतो. नवे कॅमेरे सुरूच होत नसतील तर ‘शो पॉवर इनलाइन’मध्ये शिल्लक वॅट बघा. एका पोर्टला १५.४ वॅट धरले तर ३७० वॅटच्या स्विचवर २४ पोर्ट भागतात, ४८ नाही.

‘डीबग ऑल’ कधीही मारू नका. चालू स्विच त्याने गुदमरतो. चुकून मारलंच तर ‘अनडीबग ऑल’.

दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर

एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यातल्या स्विचवर ‘ट्रंक’ म्हणजे दोन केबल एकत्र बांधणं, अनेक व्हीलॅन नेणं नव्हे. तिथे व्हीलॅनमध्ये जाऊन पोर्टला ‘टॅग्ड’ किंवा ‘अनटॅग्ड’ म्हणायचं. कॉमवेअर ही प्रणाली असलेल्या स्विचवर ‘शो’ऐवजी ‘डिस्प्ले’, ‘नो’ऐवजी ‘अनडू’, आणि सेव्हसाठी ‘सेव्ह’. मायक्रोटिकवर बदल लगेच कायम होतो, म्हणून तिथे काम सुरू करण्याआधी कंट्रोल-एक्सने सेफ मोड चालू करा. कनेक्शन तुटलं तर तो बदल स्वतःच मागे घेतो.

सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. ट्रंकवर ‘अ‍ॅड’ न लावता काय होतं ते तिथे मुद्दाम करून बघा, म्हणजे चालू कारखान्यात हात आपोआप थांबेल.

काम संपवताना ‘शो रनिंग-कॉन्फिग’ची फाइल तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत त्या इमारतीच्या बाहेर. रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: कुठला पोर्ट, कुठला व्हीलॅन, केबल कुठल्या खोलीत जाते. पासवर्ड त्यावर लिहू नका. तो बंद पाकिटात मालकाकडे किंवा प्राचार्यांकडे द्या.